नागपंचमीचं टेबल

अमरावतीच्या त्या धर्मादाय कॅन्सर रुग्णालयात डॉक्टर सात आहेत, पण पेशंट ज्या व्यक्तीला टरकतात ती डॉक्टर नाही. तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारी, काचेमागे सुरैय्या मन्सुरी बसते. तिच्या पदाचं नाव काचेवर लिहिलेलं आहे, पण ते इतकं लांबलचक आहे की वाचून संपेपर्यंत आपला नंबर येतो. त्यामुळे मोर्शीपासून मूर्तिजापूरपर्यंतचे लोक तिला सरळ ‘तारीखवाली’ म्हणतात. ऑपरेशन कोणाचं, कोणत्या दिवशी, कितव्या नंबरला, हे ती ठरवते. खरं तर ठरवतात डॉक्टरच. पण ठरल्या दिवशी माणूस खाटेवर हजर असणं ही गोष्ट डॉक्टरांच्या हातात नसते, ती सुरैय्याच्या हातात असते, आणि हे डॉक्टरांनाही आता ठाऊक झालं आहे.

सतरा वर्षांत तिला एक समजलं: ऑपरेशनला नाही म्हणणारा माणूस सोपा. त्याच्याशी भांडता येतं. अवघड असतो तो ‘हो’ म्हणणारा. वऱ्हाडातला माणूस ‘हो’ म्हणतो आणि त्याला शेपूट जोडतो. ‘करू ना, पण सोयाबीन घरी येऊ द्या.’ ‘करू ना, पण पोराची परीक्षा होऊन जाऊ द्या.’ रमजान होऊ द्या, उरूस होऊ द्या, साळीचं बाळंतपण होऊ द्या. यात खोटं काही नसतं. सोयाबीन खरंच यायची असते आणि साळी खरंच बाळंतीण व्हायची असते.

शल्यचिकित्सक डॉ. दामिनी वानखडे नव्या होत्या तेव्हा पेशंटना आकडा सांगायच्या. ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मरणाचा धोका साधारण सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो. आणखी चार आठवडे गेले की आणखी तेवढाच. आकडा देशोदेशीच्या लाखो रुग्णांवरून काढलेला, त्यात शंका नाही. पण सहा टक्क्यांना आपल्याकडे कोणी घाबरत नाही. सोयाबीनमध्ये ओलावाच त्याहून जास्त निघतो. मोर्शीकडच्या एका गृहस्थांनी तर ‘म्हंजे चौऱ्याण्णव टक्के काईच होत नाई ना?’ असं विचारून डॉक्टरीणबाईंना गप्प केलं. गणित साफ चुकलेलं होतं, पण ते समजावून सांगायला अर्धा तास लागला असता आणि बाहेर चाळीस माणसं बसली होती.

सुरैय्या टक्के सांगत नाही. ती भिंतीवरचं कॅलेंडर काढून पेशंटपुढे ठेवते आणि त्याच्या हातात पेन्सिल देते. ‘सोयाबीन कधी येते, करा खूण.’ माणूस करतो. ‘त्याच्यानंतर काय?’ मग तो दिवाळीवर खूण करतो. मग तुळशीच्या लग्नावर, मग पुतणीच्या लग्नावर. सहा-सात खुणा झाल्या की तो स्वतःच थांबतो आणि पान उलटायला बिचकतो. तेव्हा ती म्हणते, ‘काका, गाठीले कॅलेंडर वाचता येत नाही,’ आणि तारीख लिहून देते. गेल्या वर्षी तिनं दिलेल्या दोनशे चाळीस तारखांपैकी फक्त नऊ चुकल्या. हा आकडा ती कोणाला मुद्दाम सांगत नाही. कोणी विचारावं एवढीच तिची अपेक्षा असते.

सुरैय्या मूळची अकोल्याची. वडिलांचं, वाहेदभाईंचं, गाद्या-रजया भरायचं दुकान. अक्षरं शिकायच्या आधी ती सुई धरायला शिकली. लग्नानंतर अमरावतीला आली. नवरा जुबेर नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर आहे. म्हणजे माहेरी कापूस आणि सासरी कापड. मधल्या मध्ये ती कॅन्सरमध्ये कशी आली, हे तिच्या सासूला अजून उलगडलेलं नाही.

पार्वताबाई तिच्या काचेसमोर पहिल्यांदा आली ती जूनच्या अखेरीला. वय एक्कावन्न, गाव मोर्शीपासून नऊ किलोमीटर. सोबत नवरा किसनराव आणि मुलगा गजेंद्र. डाव्या स्तनातली गाठ तिला लग्नसराईतच लागली होती, पण घरात पाहुणे होते म्हणून तिनं पाहुण्यांना त्रास दिला नाही. पाहुणे गेले, पेरणी आली, म्हणून पेरणीलाही दिला नाही. दोन महिने असे गेले. तपासणीत दुसरी स्टेज निघाली. डॉ. दामिनींनी सांगितलं, आज गाठ आहे तिथेच आहे, अख्खा स्तन काढावा लागेल, बाई चांगली व्हायला हरकत नाही. पण आता एकही महिना वाया घालवायला नको.

सुरैय्यानं कॅलेंडर पुढे केलं. पार्वताबाईनं पेन्सिल घेतलीच नाही.

‘तुमी द्यान ते,’ ती म्हणाली.

‘सतरा जुलै, गुरुवार.’

‘बरं.’

‘काही अडचण?’

‘नाई.’

शेपूट नसलेला ‘हो’ सुरैय्याला सतरा वर्षांत फार वेळा भेटला नव्हता. तिथेच तिला शंका यायला हवी होती. पण हातोटी बसली की माणूस शंका घेईनासा होतो. तिला एकच अडचण दिसली, ती म्हणजे महालक्ष्म्या. भाद्रपदात या घरी ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात आणि दोनशे माणूस जेवतं. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांत बाईला पुरणाचा घाट घालता येणार नाही. सुरैय्यानं गजेंद्रला समजावलं, फोनवर त्याच्या बायकोला, प्रणालीला समजावलं, स्वयंपाकाला गावातल्या चार बाया सांगायला लावल्या. सगळं पक्कं केलं आणि आपल्यावर खूश होऊन घरी गेली. अडचण तिनं छान सोडवली होती. फक्त ती पार्वताबाईची नव्हती.

सतरा तारखेला खाट रिकामी. फोन केला तर गजेंद्र म्हणाला, ‘मॅडम, आई म्हणते, महालक्ष्म्या झाल्यावर येतो.’

‘स्वयंपाकाचं तर केलं ना आपण?’

‘मले काही समजून नाही रायलं मॅडम. ते बोलतच नाही.’

सुरैय्यानं फोन ठेवला आणि कॅलेंडरकडे पाहिलं. महालक्ष्म्यांनंतर आठवड्यानं पितृपक्ष. त्यात कोणी दवाखान्याचं नाव काढत नाही. मग नवरात्र. मग सोयाबीन. मग दिवाळी. पार्वताबाईनं न केलेल्या खुणा तिला दिसत होत्या. सहा आठवडे म्हणता म्हणता चार महिने. आणि गाठ तोवर आहे तिथेच थांबेल असं डॉक्टर म्हणाल्या नव्हत्या.

रुग्णालयाचा नियम असा की तारीख चुकवणाऱ्याला तीन फोन करायचे आणि मग पत्र टाकायचं. घरी जायचं असं कुठे लिहिलेलं नाही. जायचं नाही असंही लिहिलेलं नाही. रविवारी सुरैय्यानं मोर्शीची एसटी धरली.

किसनराव ओट्यावर बसले होते. त्यांनी हात जोडले आणि आतल्या दाराकडे मान हलवली. ‘म्या सांगून पायलं ताई. सोन्यासारखी बाई आहे, पण तीस सालात माह्यं तिनं एक डाव आयकलं, तेही तिले झोप लागली होती म्हणून.’

आत स्वयंपाकघरात पार्वताबाई जमिनीवर बसली होती. शेजारी तिची मोठी जाऊ मनकर्णाबाई, जिला घरात सगळे मोठ्याबाई म्हणतात. दोघींच्या मधे कापडाची दोन धडं उताणी पडली होती. महालक्ष्मीच्या मुखवट्याखाली जे धड उभं करतात, त्याला कोथळा म्हणतात. आत कापूस भरलेला, वरून साडी नेसवायची. माळ्यावरून काढून त्यांना हवा देणं चाललं होतं.

‘या,’ पार्वताबाई म्हणाली. ‘रागवाले आल्या?’

‘नाई, चहा प्यायले आली.’

‘चहासाठी अमरावतीहून?’

‘तिथचा पाणचट रायते.’

प्रणालीनं चहा ठेवला. सुरैय्या भिंतीला टेकून बसली आणि ऑपरेशनाबद्दल एक शब्द बोलली नाही. चहा झाला. तिचं लक्ष एका कोथळ्याच्या उसवलेल्या कडेवर गेलं.

‘सुई आहे का घरात, जाड?’

मनकर्णाबाईनं एकदा सुरैय्याकडे आणि एकदा कोथळ्याकडे पाहिलं. ते पाहणं पुरेसं बोलकं होतं. पार्वताबाई म्हणाली, ‘द्या ना सुई, मोठ्याबाई. भरून देणाराही तं अकोल्याचा पिंजारीच होता.’

‘मग माझ्याच गल्लीतला असंल,’ सुरैय्या म्हणाली आणि शिवायला लागली. दुकानात बसून ती हे शिकली होती: हात कामात असले की समोरच्याला बोलायला सोपं जातं, कारण आपण त्याच्याकडे पाहत नसतो. आठ-दहा टाके झाले. तिनं कोथळा वळवला आणि अंगठ्यानं दाबून पाहिला.

‘ह्या बाजूनं पोकळ आहे.’

‘कनिष्ठा हाय ते,’ पार्वताबाई म्हणाली. ‘उंदरानं नेलं. दोन साल झाले. म्या जुनं पातळ कोंबून नेसवतो. कोणाले दिसत नाई.’

सुरैय्याच्या जिभेवर एक वाक्य आलं. ती जुनी आणि अनुभवी होती, म्हणून तिनं ते गिळलं आणि सुईत दोरा ओवला.

मग पार्वताबाईच बोलली, कोथळ्याकडे पाहत. ‘बाई, मले मरायचं भेव नाई. मले यंदाच्या लक्ष्म्या अख्ख्या आंगानं बसवायच्या हायेत. तीस साल म्या बसवल्या. एकदा कापलं का मंग मले हात लावता येत नाई.’

‘कोण म्हणते?’

मनकर्णाबाईनं पदर सारखा केला. ‘मी म्हणतो. वाईट कायले वाटून घ्यायचं. मूर्ती खंडित झाली तं आपण पुजतो का? तसंच पुजणारीचं. अधुऱ्या आंगाच्या बाईनं लक्ष्म्या बसवू नाई. माही सासू सांगे.’

सुरैय्याला आपली चूक तिथे दिसली. तिनं दोनशे माणसांच्या पुरणाचा बंदोबस्त केला होता आणि बाईला पुरणाची काळजी कधी नव्हतीच. हे डॉक्टरला सांगण्यासारखं नव्हतं, नवऱ्याला सांगण्यासारखं नव्हतं, आणि काचेमागच्या सुरैय्या मन्सुरीला तर मुळीच नव्हतं. धर्माचा प्रश्न असला की तिच्या तोंडून निघालेलं कोणतंही उत्तर चुकीचंच ठरलं असतं. तिनं टाके चालू ठेवले.

पार्वताबाई मात्र कनिष्ठेच्या पोकळ बाजूवर हात ठेवून बसली होती. मग तिनं मान वर केली.

‘मोठ्याबाई, तुमची पिशवी कोणत्या साली काढली?’

‘कोणती पिशवी?’

‘बाजाराची नाई. पोटातली.’

प्रणाली ओट्याकडे तोंड करून भांडी पुसायला लागली. ती भांडी कोरडीच होती.

‘बारा साल झाले असंन,’ मनकर्णाबाई म्हणाली. ‘त्याचा इथं काय संबंध?’

‘बारा साल तुमी नैवेद्याचं ताट लावून रायल्या.’

‘ते आतलं हाय. दिसत नाई.’

‘मंग माह्यं कोणाले दाखवत फिरणार हाये मी?’

‘तसं नाई व पारू...’

‘उंदरानं लक्ष्मीचं नेलं, ते तिले चाललं. दोन साल तिनं एक शब्द नाई बोलला. अन् दोन साल तुमी तिच्यापुढं हळदीकुंकू ठेवून पाया पडल्या, अख्खी समजून.’

मनकर्णाबाईला वादात हरायची सवय नव्हती, म्हणून ती हरली नाही. तिनं विषय सासूवर ढकलला. ‘आपली सासूच तशी होती,’ ती म्हणाली. ‘काईच्या काई सांगून ठेवलं.’ आणि प्रणालीला म्हणाली, ‘आणखी चहा टाक, पाहुणीच्या कपात काई रायलं नाई.’

सुरैय्यानं गाठ मारून दोरा तोडला. आता बोलायची वेळ होती.

‘मावशी, चौदा ऑगस्टपर्यंत यादी भरलेली आहे. एकच दिवस मोकळा आहे. एकोणतीस जुलै, मंगळवार.’

मनकर्णाबाई बोटांवर काही मोजू लागली. ‘त्या दिवशी पंचमी हाय.’

‘होय,’ सुरैय्या म्हणाली. ‘म्हणूनच मोकळा आहे.’

नागपंचमीला वऱ्हाडात विळी-सुरीला हात लावत नाहीत. भाजी चिरत नाहीत, नांगर धरत नाहीत. भाजी चिरायची नाही त्या दिवशी माणूस चिरून घ्यायला कोण येणार? दरवर्षी त्या दिवशी ऑपरेशन थिएटरचं एक टेबल रिकामं राहतं, आणि दर अमावस्येला दुसरं. देवाच्या नावानं उशीर करणाऱ्यांनी देवाच्या नावानंच ही जागा मोकळी ठेवलेली असते. सुरैय्या त्या जागा कोणाला सांगत नाही. ज्यांचे आठवडे आधीच वाया गेले आहेत, त्यांच्यासाठी राखून ठेवते.

‘चिरायचं नाई त्या दिवशी,’ मनकर्णाबाई म्हणाली. पण सवयीनं, जोर न लावता.

पार्वताबाईनं विचार केला. ‘चिरायचं नाई ते आपण,’ ती म्हणाली. ‘मी कुठं चिरून रायली? मी तं निजून रायणार.’

‘अन् ते डॉक्टरीण?’

‘तिचं तिनं पाहावं.’

‘ती दरवर्षी चिरते,’ सुरैय्यानं माहिती पुरवली. ‘अजून तरी काही झालं नाही तिले.’

‘करू मंग,’ पार्वताबाई म्हणाली. ‘पण...’

सुरैय्याचा दुसरा चहा ओठापाशी थांबला.

‘पण कनिष्ठेचं तुमी नीट भरून द्या. कापसानं. पातळ नको.’

तारीख न हलवणारा ‘पण’ सुरैय्याला नोकरीत पहिल्यांदाच भेटला. ती कोथळा वर्तमानपत्रात गुंडाळून, काखेत मारून एसटीनं परतली. शेजारच्या सीटवरच्या म्हातारीनं विचारलं, ‘काय व बाई, लेकरू हाय का?’ ती म्हणाली, ‘नाई, काम आहे घरी.’

अठ्ठावीस तारखेला, सोमवारी, दुपारी दोनपर्यंत भरती व्हायचं होतं. दीड वाजला, दोन वाजले. सव्वादोनला भरतीच्या टेबलावरच्या शुभमनं विचारलं, ‘मॅडम, खाट देऊ का दुसऱ्याला?’

‘थांब.’

‘तुम्हीच म्हणता, थांबायचं नसतं.’

‘मी म्हणते ते मला ऐकवू नको.’

अडीच वाजता तिनं फोन उचलला आणि परत ठेवला. शेपटाच्या ‘हो’वर तिचा विश्वास नव्हता, आणि बिनशेपटाच्या ‘हो’नं तिला एकदा फसवलं होतं. खरं काय ते ओळखायची एकही खूण आता तिच्यापाशी उरली नव्हती. दोन चाळीसला दारातून आधी एक मोठा डबा आत आला, त्यामागून मनकर्णाबाई, तिच्यामागून पार्वताबाई, आणि सगळ्यात शेवटी किसनराव, चादरींचं गाठोडं घेऊन.

‘एसटी पंक्चर झाली,’ किसनराव म्हणाले. ‘मोठ्या वहिनीनं ड्रायव्हरले इतकं बोललं का तो स्वतः खाली उतरून चाक बदलू लागला.’

‘उद्या सुरी धरायची नाई म्हणून आजच केलं सगळं,’ मनकर्णाबाई डबा ठेवत म्हणाली. ‘हिले काई खाऊ देत नसतान तं तुमी खा.’

ऑपरेशन सव्वातीन तास चाललं. पंचमीचा दिवस होता. रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्येसुद्धा भाजी चिरलेली नव्हती. वरच्या मजल्यावर डॉ. दामिनींनी मात्र आपलं काम नेहमीप्रमाणे केलं.

कापसानं भरलेली कनिष्ठा किसनरावांबरोबर गावी गेली. दहा दिवसांनी रिपोर्ट आला. कापलेल्या भागाच्या कडा स्वच्छ होत्या, म्हणजे गाठ पूर्ण निघाली होती. काखेतून तपासायला काढलेल्या सोळा ग्रंथींपैकी एकीत कॅन्सर पोचला होता.

‘एकीत,’ डॉ. दामिनी म्हणाल्या. ‘एक म्हणजे औषधांनी निपटता येईल असं.’

‘अन् दिवाळीनंतर केलं असतं तर?’

‘ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नसतं.’

सुरैय्याच्या धंद्यात हीच एक गैरसोय आहे. तारीख चुकली की पुरावा खाटेवर येऊन पडतो. तारीख पाळली की काहीच दिसत नाही. एक बाई घरी जाते आणि जावेशी भांडते. कोण कशातून वाचलं, हे सांगणारा कागद कुठलीही प्रयोगशाळा देत नाही. सुरैय्याची त्याबद्दल तक्रार नाही. ती फाइल बंद करते आणि पुढचा नंबर घेते.

पुढची पायरी केमोथेरपी. जखम भरली की औषधं सुरू करायची, तीही फार न लांबवता. पहिल्या डोसची तारीख सुरैय्यानं काढली: एकोणतीस ऑगस्ट, शुक्रवार. प्रणालीला फोनवर कळवली. ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की रविवारी, एकतीसला, महालक्ष्म्यांचं आवाहन आहे. तिनं डोळे मिटले. या वेळीही चूक तिचीच होती, आणि आता फोन येणार हे तिला माहीत होतं.

फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

‘मी पार्वताबाई बोलून रायली.’

‘बोला मावशी.’

‘ते एकोणतीस तारीख नाई जमत.’

‘बरं,’ सुरैय्या म्हणाली आणि कॅलेंडर ओढलं. पितृपक्षाच्या आतली जागा ती शोधू लागली. तेवढ्यात गाठता आलं तर आठ-दहा दिवसच जातील.

‘सुनेनं नर्सबाईले विचारलं,’ पार्वताबाई सांगत होती. ‘सुई लावल्यावर चार दिवस उलट्या रायतात म्हणे. मंग आवाहनाच्या दिवशी मी मोरीजवळ अन् लक्ष्म्या दारात, असं होईन. मोठ्याबाई एकटी त्यांना बसवू नाई शकत, तिचे गुडघे गेले.’

‘मग कधीचं देऊ? पाच सप्टेंबर?’

‘पाच कायले?’ पार्वताबाईच्या आवाजात नवल होतं. ‘अलीकडचं द्या ना. सोमवार, पंचवीस. चार दिवसात उलट्या होऊन जातीन, अन् शनिवारी मी मोकळी. डॉक्टरीणबाई नाई म्हणतीन का?’

सुरैय्यानं डॉ. दामिनींना विचारलं. टाके वाळले होते, रक्त ठीक होतं. त्या नाही म्हणाल्या नाहीत. सुरैय्यानं एकोणतीसची नोंद खोडली आणि पंचवीसवर पार्वताबाईचं नाव लिहिलं. तारीख अलीकडे ओढून घेणारी अशी नोंद सतरा वर्षांत तिच्या रजिस्टरमध्ये कुठेही नव्हती, म्हणून तिला क्षणभर सुचेना की ‘कारण’ या रकान्यात काय भरावं.

‘झालं का लिहून?’ पलीकडून पार्वताबाईनं विचारलं.

‘झालं. दहा वाजता या. उपाशी नको, थोडं खाऊन या.’

‘येतो. गजेंद्रची गाडी घेऊन येतो, एसटीचा भरवसा नाई. अन् मोठ्याबाई विचारून रायली, तुमच्या तिथं कॅन्टीनले चहा अजून तसाच पाणचट मिळते का. ते किटली घेऊन येतो म्हणते.’